रेतीवरच्या दोघी

विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल क्लबने मला पंचवीस मिनिटांत घरी पाठवलं. २००४ चा सप्टेंबर होता. मला ओहायोत येऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते, आणि त्याआधीची चार वर्षं मी अमरावतीच्या आमच्या कॉलेजची लिफ्टर होते. लिफ्टर म्हणजे जिच्या बोटांवर सगळा संघ चालतो ती. मागून आलेला चेंडू बोटांच्या टोकांवर अलगद घ्यायचा आणि स्मॅश मारणारीला हवा तिथे, हव्या तेवढ्या उंचीवर ठेवून द्यायचा. माझ्या बोटांबद्दल आमचे सर इतर कॉलेजच्या सरांशी बोलायचे. इथे निवड करणाऱ्या मुलीने बोटांकडे पाहिलंच नाही. तिने माझं डोकं जमिनीपासून किती वर आहे ते पाहिलं. ते पाच फूट दोन इंचांवर होतं. रांगेतल्या बाकीच्या मुलींच्या खांद्याशी माझी उंची संपत होती.

"तू खूपच छान खेळतेस," ती हसून म्हणाली.

अमेरिकेत 'खूपच छान' याचा अर्थ 'नाही' असाही होतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

जिमच्या दाराशी नोटीस बोर्ड होता. रूममेट हवी, सायकल विकणे आहे, मांजर हरवली आहे, अशा चिठ्ठ्यांमध्ये एक कागद जाड मार्करने लिहिलेला होता: 'सँड व्हॉलीबॉल. मुलींसाठी. संघात फक्त दोघी. बेंच नाही. मंगळवार आणि गुरुवार, चार वाजता, डॉर्मच्या मागे.'

मंगळवारी गेले तर डॉर्मच्या, म्हणजे हॉस्टेलच्या, मागे रेतीच्या कोर्टवर एकच मुलगी होती. सहा फूट उंच, नाकावर सोललेली कातडी, डोक्याला उलटी टोपी. ती एकटीच चेंडू उंच उडवून सर्व्हिस करत होती आणि पलीकडे जाऊन स्वतःच तो घेऊन येत होती. मक्याच्या शेतांमधल्या एका लहान गावातली ही मुलगी बायॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला होती. पहिली दोन वर्षं ती विद्यापीठाच्या खऱ्याखुऱ्या, गणवेश आणि बस असलेल्या संघात होती.

"मग सोडलंस का?" मी विचारलं.

"दोन वर्षांत मी एकूण अकरा पॉइंट खेळले," ती म्हणाली. "बाकी वेळ बेंचवर बसून टाळ्या. टाळ्या वाजवण्यात मी देशात पहिल्या दहात असेन." मग तिने माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, "तू आलीस. म्हणजे आता आपला संघ झाला."

इतक्या सहज मी आयुष्यात कुठल्याही संघात गेले नव्हते.

बीच व्हॉलीबॉल मी तोवर फक्त टीव्हीवर पाहिलं होतं, तेही चॅनल बदलता बदलता. मला वाटलं, नेट तेच, चेंडू तोच, फक्त खाली रेती. पहिल्या दहा मिनिटांत माझा भ्रम फिटला. सहा जणींऐवजी दोघी असतात आणि कोर्ट जवळजवळ तेवढंच असतं. चार पावलं पळायला जावं तर रेती त्यातली दोन खाऊन टाकते. उडी मारताना पाय आधी खाली रुततो, मग वर येतो. बदली खेळाडू नसतात. दमलात तरी तुम्हीच, चुकलात तरी तुम्हीच. समोरच्या दोघींना कळलं की तुमच्यातली एक कच्ची आहे, तर त्या प्रत्येक सर्व्हिस तिच्याकडेच टाकतात, आणि ते अगदी नियमात बसतं.

पण खरा घाव बोटांवर बसला. मी तिच्यासाठी पहिला चेंडू उचलला, अगदी अमरावतीत उचलायचे तसा, आणि तिने तो मारलाच नाही. तिने चेंडू हातात पकडला.

"हे इथे चालत नाही," ती म्हणाली. "हातातून निघताना चेंडू फिरला. फिरला म्हणजे दोन हात मागेपुढे लागले. इनडोअरला दुर्लक्ष करतात, इथे शिट्टी वाजवतात."

"थोडासाच फिरला."

"थोडासाच फिरला," तिने मान्य केलं, आणि पॉइंट पलीकडच्या काल्पनिक संघाला दिला.

बोटांनी नेटवरून अलगद टपली मारायची, तीही बंद. त्यासाठी बोटं दुमडून पेरांनी मारायचं किंवा तळहात ताठ करायचा. म्हणजे माझ्याकडे जे काही होतं त्यातलं निम्मं या खेळात गुन्हा होता. मी अंडरहँड पासवर आले, दोन्ही हात जोडून मनगटाच्या वर चेंडू घेणं, जे आमच्याकडे आठवीतल्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवतात. तेविसाव्या वर्षी मी पुन्हा आठवीत बसले.

पंधरवड्याने पाऊस झाला, रेती वाळून घट्ट बसली आणि आमच्या कोर्टचा रस्ता झाला. त्यावरून गाडी गेली असती. मी पडले तेव्हा गुडघा सोलून निघाला. मी तिथेच बसून मूठभर रेती उचलली आणि चोळून पाहिली. मी मातीच्याच शिक्षणासाठी आले होते. सिव्हिलमध्ये मास्टर्स करत होते आणि दिवसभर लॅबमध्ये पायाखालची जमीन काय भार पेलेल याची गणितं करत होते. दुसऱ्या दिवशी पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत ती रेती भरून मी लॅबमध्ये नेली, भट्टीत वाळवली आणि चाळण्यांच्या उतरंडीतून चाळली. माझे गाईड मागे येऊन उभे राहिले.

"हे कुठल्या प्रोजेक्टचं?"

"व्हॉलीबॉलच्या," मी म्हटलं. खोटं काय सांगायचं?

ते हसले नाहीत. त्यांनी सगळ्यात खालच्या ताटलीत बोट बुडवलं आणि पावडर अंगठ्यावर घासून पाहिली. "यात गाळ फार आहे," ते म्हणाले, "आणि कण टोकदार आहेत. ही काँक्रीटची रेती आहे. तुम्हाला धुतलेली, गोलसर हवी." मग खुर्ची ओढून बसले आणि कोर्टच्या तळाला निचऱ्यासाठी खडीचा थर कसा हवा ते मला कागदावर काढून दिलं. माझ्या थिसिसच्या एकाही आकृतीला त्यांनी इतका वेळ दिला नव्हता.

तो कागद आणि चाळणीचा आलेख घेऊन मी आणि माझी जोडीदार मैदानांची देखभाल बघणाऱ्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी आलेख उलटा धरला, मग सुलटा केला, आणि म्हणाल्या, "आजवर माझ्याकडे तक्रारी खूप आल्या. पुराव्यासकट पहिल्यांदा." ऑक्टोबरच्या अखेरीस धुतलेल्या रेतीचे दोन ट्रक आले. पसरायचं काम आम्हीच करायचं होतं. डॉर्ममधल्या मुली खिडकीतून बघत होत्या, मग दोन खाली आल्या, मग आणखी चार. फावडी कमी पडली तेव्हा कुणीतरी कॅफेटेरियाचे ट्रे आणले. त्या सहाजणींपैकी कुणालाही व्हॉलीबॉल येत नव्हतं, पण स्वतः पसरलेल्या रेतीवर एकदा तरी खेळून बघावं असं सगळ्यांना वाटलं. अशा रीतीने आमच्या क्लबात आठ जणी झाल्या.

नव्या रेतीवर आम्ही जेमतेम तीन आठवडे खेळलो आणि बर्फ पडला. मग मार्चपर्यंत जिमच्या मागच्या बोळात भिंतीवर चेंडू मारणं. मार्चमध्ये पहिलं ऊन पडल्याबरोबर आम्ही कोर्टवरचा बर्फ ओढून काढला आणि लोकरीचे मोजे घालून खेळलो. वरची रेती मऊ होती आणि खाली बोटभर अंतरावर गोठलेली. घरी फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तू शिकायला गेली आहेस ना ग?"

जुलै २००५ मध्ये शिकागोला तलावाच्या काठावर कॉलेजच्या जोड्यांची एक दिवसाची स्पर्धा होती. आम्ही नाव दिलं. राहायचा प्रश्न नव्हता, कारण शिकागोजवळच्या नेपरव्हिलला माझ्या आईच्या मैत्रिणीचा भाऊ राहत होता. अमेरिकेत एवढं नातं पुष्कळ होतं. काका पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, काकू घरून लहान मुलांचे संगीताचे क्लास घ्यायच्या, आणि त्यांची मुलगी तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं आणि ती उत्तर इंग्लिशमध्ये द्यायची.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. माझ्या जोडीदाराला दारातून वाकून आत यावं लागेल की काय अशा नजरेने काकूंनी तिच्याकडे पाहिलं, आणि पहिला प्रश्न मला विचारला, मराठीत, हळूच.

"कपडे काय घालता ग तुम्ही? टीव्हीवर ते... तसले नाही ना?"

"हाफ पँट आणि टी-शर्ट, काकू."

"मग येऊ आम्ही बघायला," काकू एकदम मोकळ्या झाल्या. "मी थालीपिठं घेते सोबत. हिला चालतात ना?"

हिला चालली. रात्रीच्या जेवणातच सहा चालली. काकांनी तोवर स्पर्धेचे नियम डाउनलोड करून प्रिंट काढले होते आणि ते पेन घेऊन वाचत होते. "एकवीसचे दोन सेट, एकेक झाला तर तिसरा पंधराचा," ते म्हणाले. "दर सात पॉइंटला साइड बदलायची. का, तर ऊन आणि वारा दोघींना सारखा मिळावा. वा! बघ, किती फेअर आहे. आणि अंपायर कोण? आधीच्या मॅचमध्ये हरलेली जोडी! यार, हे तर आपल्या गल्लीतल्या क्रिकेटसारखं झालं."

"आणि मॅच चालू असताना बाहेरून कुणी कोचिंग करायचं नाही," मी म्हटलं, कारण तो मुद्दा पुढच्या पानावर होता आणि काका अजून तिथे पोचले नव्हते.

"ऑफकोर्स," काका म्हणाले.

शनिवारी सकाळच्या पहिल्या दोन मॅच आम्ही जिंकलो. काका-काकू दुपारी येणार होते, त्यामुळे दुसऱ्या मॅचमध्ये जे घडलं ते त्यांनी पाहिलं नाही. पहिला सेट आमचा होता. दुसऱ्यात एकोणीस-वीस असताना पलीकडच्या मुलीने जोरात मारलं आणि चेंडू आमच्या रेषेच्या हातभर बाहेर पडला. पॉइंट आमचा, वीस-वीस. मी मूठ आवळून ओरडलेसुद्धा. तेवढ्यात माझ्या जोडीदाराने हात वर केला.

"मला लागला," ती म्हणाली. "ब्लॉकमध्ये. करंगळीला."

शिट्टीवाल्यांना दिसलं नव्हतं. समोरच्यांना दिसलं नव्हतं. मी तिच्यापासून आठ फुटांवर होते, मलाही दिसलं नव्हतं. पण अडवणारीला लागून बाहेर गेलेल्या चेंडूचा पॉइंट मारणारीचा, म्हणून सेट गेला. तिसरा सेट खेळावा लागला, भर अकरा वाजता, रेती अशी तापलेली की सर्व्हिसची वाट बघताना आम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होतो. आम्ही तो जिंकलो, पण मी तिच्याशी पाण्याच्या नळापर्यंत बोलले नाही.

"रागावलीस," ती म्हणाली.

"कुणाला कळलं असतं?"

"मला," ती म्हणाली, आणि डोकं नळाखाली धरलं. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या दृष्टीने तो जरा बाकी होता. आमच्याकडे रेफरीने दिलं ते दिलं. स्वतःहून हात वर करणाऱ्या मुलीला सरांनी मैदानाला चकरा मारायला लावलं असतं.

दुपारची मॅच मिशिगनच्या दोघींशी होती. एक लांब हातांची, गळ्यात पांढरं सनस्क्रीन थापलेली. दुसरी बुटकी, जवळपास माझ्याएवढी, आणि रेतीवर अशी पळायची की जणू तिच्याखाली रेती नाहीच. पहिला सेट त्यांनी सरळ घेतला. दुसऱ्यात त्या बारा, आम्ही नऊ, साइड बदलली, आणि नेमके तेव्हा काका, काकू आणि मुलगी घडीच्या खुर्च्या घेऊन आले. काकांनी टोपी सारखी केली, एक मिनिट खेळ पाहिला, आणि त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला.

"अगं, ती बुटकी पुढे सरकते!" काका ओरडले. "तू मारायच्या आधीच पुढे येते! मागचा डावा कोपरा रिकामा आहे, मागे टाक!"

मी विचार केला नाही. मागे टाकला. बुटकी वळून धावली आणि चेंडू तिच्या मागे एक फुटावर पडला. दहा. पुढच्या वेळी काका ओरडले, "पुन्हा मागे!" अकरा. मग तिने मागे राहायला सुरुवात केली आणि काका ओरडले, "आता पुढे, नेटपाशी!" मी पेरांनी चेंडू नेटच्या कडेवरून खाली सोडला. बारा. तेरा. चौदा. मला वाटत होतं की मी फार हुशारीने खेळते आहे. काका खुर्चीवरून उठून उभे राहिले होते आणि त्यांच्या हातात अर्धं थालीपीठ होतं.

लांब हातांच्या मुलीने चेंडू काखेत घेतला आणि शिट्टीवाल्या जोडीकडे गेली. त्या जोडीतली एक माझ्याकडे आली. "ते गृहस्थ काय म्हणतायत?"

आता हे सांगायलाच हवं. माझ्याकडे विचार करायला वेळ होता. तिने तो दिला होता; ती अगदी सभ्यपणे, घाईने नव्हे, माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"चिअर करतायत," मी म्हणाले. "आमच्या भाषेत."

"ओह, गोड आहेत," ती म्हणाली, आणि शिट्टीपाशी परत गेली.

पंधरा-बारा झालं, मग पंधरा-तेरा. पुन्हा साइड बदलायची वेळ आली. मी टॉवेलने हात पुसत होते. माझी जोडीदार पाणी प्यायला कडेला गेली आणि खुर्च्यांपाशी थांबली. काल रात्री तिने काकांच्या मुलीला अंगणात तासभर सर्व्हिस शिकवली होती. दोघींची चांगली गट्टी जमली होती. मला दुरून दिसलं की तिने काहीतरी विचारलं, मुलीने सहज उत्तर दिलं, अगदी निरागसपणे, हाताने मागचा डावा कोपरा दाखवून.

ती परत आली. आवाज चढवला नाही.

"तिने सांगितलं. आता तू जाऊन त्यांना सांगतेस की मी सांगू?"

"ते काय प्रोफेशनल कोच आहेत का? काका आहेत ते! त्यांना राहवलं नाही."

"त्यांचं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "तुला विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस?"

मी तिच्याकडे पाहिलं. सहा फुटांवरून कुणी तुमच्याकडे असं बघत असेल तर मान फार वर करावी लागते. मी नेटखालून वाकून पलीकडे गेले. शिट्टीवाल्या दोघींना बोलावलं, मिशिगनच्या दोघींना बोलावलं आणि सांगितलं, की ते चिअर करत नव्हते, बुटकी पुढे सरकते, मागच्या डाव्या कोपऱ्यात मार, असं ते मला सांगत होते, मला ते कळत होतं, आणि मी तसंच मारत होते. माझं इंग्लिश त्या काळी बरं होतं, पण ही चार वाक्यं बोलताना ते शाळेतल्यासारखं झालं.

नियमांच्या कागदात शोधलं तर 'कोचिंग करू नये' एवढंच लिहिलेलं. केलं तर काय, ते नव्हतं. शिट्टीवाल्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी बुटकी म्हणाली, "ते आले तेव्हा स्कोअर काय होता?"

"बारा-नऊ, तुमचे बारा," मी म्हटलं.

"मग बारा-नऊपासून खेळू या," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? मी पुढे सरकते हे मला माहीतच नव्हतं."

काकांना हे मी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मी कोचिंग केलं?" त्यांनी विचारलं. काल रात्री नियम पेनाने अधोरेखित करणारा हा माणूस, त्याला खरोखरच तोवर ते लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या मते ते मराठीत बोलत होते, आणि मराठीत बोललेलं घरातल्या घरात राहतं. ते उठले, तलावाच्या कडेला गेले आणि पाण्याकडे तोंड करून बसले. वळून बघितलं तर तोंडातून काहीतरी निघेल, अशी भीती त्यांना वाटली असावी. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. "मी नुसत्या टाळ्या वाजवते हं," त्यांनी शिट्टीवाल्या मुलीला इंग्लिशमध्ये आधीच सांगून ठेवलं.

बारा-नऊपासून आम्ही पुन्हा सुरू केलं. बुटकी आता मागे राहत होती, मला कुणी काही सांगत नव्हतं, आणि डोक्यात शांतता होती. माझी जोडीदार सर्व्हिसच्या आधी पाठीमागे हात घेऊन बोटांनी खूण करायची: एक बोट म्हणजे ती रेषेची बाजू अडवणार, दोन म्हणजे तिरकी. मला तेवढंच बघायचं होतं आणि उरलेल्या जागेत पळायचं होतं. तो सेट आम्ही बावीस-वीस जिंकलो. का जिंकलो ते आजही नीट सांगता येत नाही. तिसरा हरलो, पंधरा-बारा. शेवटचा चेंडू बुटकीने मागच्या डाव्या कोपऱ्यात टाकला, माझ्या मागच्या.

हात मिळवताना ती म्हणाली, "मी तुमच्या काकांचं ऐकलं."

हरलो म्हणून पुढच्या मॅचला शिट्टी आमच्याकडे आली. माझी जोडीदार नेटच्या टोकाला स्टुलावर उभी राहिली, मी स्कोअरचे पत्ते उलटत होते. मध्येच ती वरून म्हणाली, "बेंचवर असताना मला एक गोष्ट कळली. तिथून प्रत्येक चेंडू दिसतो. कुणाला लागला, कुणी खोटं सांगितलं, सगळं. आणि बोलता येत नाही. मला ती माणसं आवडेनाशी झाली, ज्यांच्यासाठी मी टाळ्या वाजवत होते." मग तिने शिट्टी वाजवली, कारण कुणाचा तरी नेटला हात लागला होता. मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "स्कोअर बदल, सात-पाच."

त्या संध्याकाळी नेपरव्हिलच्या डायनिंग टेबलवर काकांनी तिची रीतसर, उभं राहून माफी मागितली. ती म्हणाली, "ते जाऊ दे. तुम्हाला तो कोपरा दिसला कसा, ते सांगा." मग मीठदाणी म्हणजे बुटकी, लोणच्याची बरणी म्हणजे लांब हातांची, असं मांडून काकांनी आम्हाला आमचीच मॅच समजावून दिली, आणि काकूंनी शेवटी बरणी जेवणासाठी परत मागितली.

सप्टेंबरमध्ये मिशिगनहून फोन आला. बुटकीचा. त्यांच्याकडे आता तीन जोड्या होत्या, आमच्याकडे किती? आमच्याकडे ट्रेने रेती पसरणाऱ्या सहाजणी होत्या आणि आम्ही दोघी, म्हणजे चार जोड्या. मग तिने आणि माझ्या जोडीदाराने फोनवर नियम ठरवले: त्यांच्या तीन जोड्या, आमच्या तीन, एक नंबर एकशी, दोन दोनशी, तीन तीनशी, ज्यांच्या दोन जोड्या जिंकल्या ते विद्यापीठ जिंकलं. कुणाची परवानगी घ्यावी असं कुणाला सुचलं नाही, कारण परवानगी देणारं कुणी नव्हतंच. त्या दोन गाड्यांतून आल्या. खेळ संपल्यावर आम्ही सगळ्या रेतीतच बसून पिझ्झा खाल्ला, आणि बुटकीने सांगितलं की ती मला त्या दिवशी स्वतःहून कधीच ओळखून पकडू शकली नसती. "मराठी शिकायचा माझा काही विचार नव्हता," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी इंडियानाहून चौघी आल्या. इनडोअर क्लबमधून ज्यांना उंचीवरून परत पाठवत, त्या आता सरळ डॉर्मच्या मागे येऊ लागल्या, आणि काही उंच मुलीही येऊ लागल्या, कारण इथे पहिल्या दिवसापासून प्रत्येक चेंडूला हात लागायचा. मैदानाच्या ऑफिसातल्या बाईंनी शेजारी दुसरं कोर्ट करून दिलं. या वेळी रेती कुठली हवी ते त्यांनीच मला फोनवर सांगितलं. २००६ च्या मे महिन्यात माझी जोडीदार पदवी घेऊन एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. त्याच वर्षअखेरीस माझं मास्टर्स संपलं आणि मला ओहायोतल्याच डब्लिनला एका लहान फर्ममध्ये इमारतींच्या पायाच्या चाचण्यांचं काम मिळालं. शनिवारी सकाळी आम्ही दोघी तरीही भेटायचो.

एप्रिल २००८ मध्ये क्लबच्या मुलींनी जुन्यांना खेळायला बोलावलं. चार कोर्ट, कडेला तंबू, कुणाचे तरी आईवडील थंडीत ब्लँकेट घेऊन बसलेले. हा खेळ कॉलेजांचा अधिकृत खेळ व्हावा अशी चर्चा चालू आहे, असं कुणी कुणी सांगत होतं. पुढे काही वर्षांनी तसं झालंही, तीनऐवजी पाच जोड्या, कोच, गणवेश, बस, सगळं. पण त्या दिवशी ते अजून ऐकीव होतं. आमच्यासमोर पहिल्या वर्षाच्या दोघी आल्या. अठरा वर्षांच्या. त्यांनी इनडोअर कधी गंभीरपणे खेळलंच नव्हतं. शाळेपासून रेतीवरच वाढल्या होत्या. त्यांनी आम्हाला एकवीस-नऊ, एकवीस-अकरा असं हरवलं, आणि सगळ्या सर्व्हिस माझ्याकडे टाकल्या. अगदी योग्य केलं.

"आपण म्हाताऱ्या झालो," माझी जोडीदार गाडीकडे जाताना म्हणाली. ती पंचवीस वर्षांची होती.

तिने पार्किंगमध्ये मला सांगितलं की जूनमध्ये ती ऑरिगनला जाते आहे; आदल्याच वर्षी तिचं लग्न झालं होतं, आणि नवऱ्याला तिकडे नोकरी मिळाली होती. तिथे शाळेत व्हॉलीबॉलही शिकवणार होती. मी म्हटलं, मी सामान पॅक करायला येते. ती म्हणाली, शनिवारी ये, सकाळी, आणि थालीपिठं आण. मी आणली. आम्ही दुपारपर्यंत पुस्तकांची खोकी बांधली, मग तिच्या नवऱ्याने ट्रकचं दार बंद केलं आणि तिने मला मिठी मारली, म्हणजे तिच्या खांद्यापर्यंत मी पोचले. मग ती ट्रकमध्ये चढली.